तुमच्या पानावरच्या तीन ओळी

बाबा, तुमचं एक पान छापायचं आहे आणि ते मी अडवून धरलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला चालत नसे. काय घडलं ते आधी, का घडलं ते मागून, आणि कोणाला काय वाटलं ते कोणी विचारलं तरच, हा तुमचा क्रम. तर घडलं ते असं: तुमच्या रेजिमेंटची स्मरणिका निघते आहे. जुन्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तिच्यात एकेक पान दिलं आहे. तुमच्या पानाचा मसुदा नजरेखालून घालायला माझ्याकडे आला आणि मी त्यात तीन ओळी वाढवल्या. ज्या दिवसाबद्दल घरात बोलायचं नाही आणि बाहेर तर नाहीच नाही, असं तुम्ही मला बजावलं होतं, त्याच दिवसाच्या. आता स्मरणिका काढणाऱ्यांचं म्हणणं, ओळी काढा, नाहीतर पान जाईल. माझं म्हणणं, ओळी राहतील. आज रविवार आहे, उद्या सकाळी मजकूर छापखान्यात जायचा आहे.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही यात विशेष काही नाही, तुम्ही होतात तेव्हाही कुठं लिहीत होते? तुम्ही सीमेवर असलात की आई चार पानं लिहायची आणि शेवटी उरलेल्या जागेत मी लिहायचे: माझा अभ्यास नीट चालला आहे. जागाच तेवढी असायची. आज मी एकावन्न वर्षांची आहे, कॉलेजात संस्कृत शिकवते, समोर कोरे कागद भरपूर आहेत, आणि हो, अभ्यास नीट चालला आहे.

मसुदा घेऊन आले ते तुमचेच एक कॅप्टन. आता तेही निवृत्त कर्नल झालेत, गंगापूर रोडला राहतात. दोन्ही गुडघे बदललेत, पण बेल वाजवल्यावर दारापासून दोन पावलं मागे सरून ताठ उभं राहायची सवय गेलेली नाही. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असून मला ताई म्हणतात. मसुदा त्यांनीच लिहिला आहे, आणि वाईट नाही लिहिलेला. फक्त त्यात तुम्ही कुठं सापडत नाही. 'विविध आव्हानात्मक जबाबदाऱ्या त्यांनी समर्थपणे पेलल्या' असं एक वाक्य आहे. त्यातून तुम्हाला उचलून पाटबंधारे खात्यातला एखादा इंजिनिअर तिथं बसवला तरी वाक्य जागचं हलणार नाही. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरात जन्म, तोफखान्यात कमिशन, पस्तीस वर्षांची सेवा, ब्रिगेडियर म्हणून निवृत्ती. सगळं खरं आहे. पंचवटीच्या भिक्षुकाचा मुलगा तोफखान्यात का पळाला, आणि त्याची मुलगी देवळाली कॅम्पातून निघून उलट पंचवटीच्याच वाटेला का लागली, हे त्यात नाही. तुम्ही आजोबांना चिडवायला सैन्यात गेलात आणि मी तुम्हाला चिडवायला संस्कृत घेतलं, असं आई म्हणायची. तिचं अर्धं बरोबर होतं. माझं अर्धं.

मला तुमची कारकीर्द आठवते ती स्वयंपाकघरांवरून. तुम्ही पदकांवरून मोजलीत, आई बदल्यांवरून मोजायची, मी ओट्यांवरून. उत्तरेतल्या त्या थंड गावात डाळ शिजायची नाही, म्हणून आई पहाटे स्टोव्ह पेटवून ठेवायची आणि दुपारी बारा वाजता तुम्ही विचारायचात, "शरण आली का?" वाळवंटात कणकेत वाळू असायची आणि चपातीचा पहिला घास सगळे शंका आल्यासारखे चावायचे. आणि देवळाली कॅम्पचं ते शेवटचं क्वार्टर, खिडकीतून डोंगराची एक उघडी सोंड दिसायची. डोंगरापलीकडे तोफांच्या सरावाची रेंज. फायरिंग असलं की फळीवरचे स्टीलचे डबे आपोआप पुढे सरकायचे, दर फैरीला बोटभर. त्या दिवशी सकाळी आई लोणच्याच्या बरण्या उतरवून जमिनीवर ठेवायची, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारख्या. आपल्या घरात तोफखान्याचा अर्थ तेवढाच होता: बरण्या खाली.

रविवारी तुम्ही स्वयंपाकघराची पाहणी करायचात. हात मागे बांधून. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "साहेब, तवा तापलाय, सलाम नंतर करते." तुम्ही हसायचात ते फक्त तिथं. एकदा मला बोलावून घेतलंत आणि तपकिरी कागदात बांधलेलं काहीतरी जड हातात ठेवलंत. कुठल्याशा छावणीच्या गावात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेला संस्कृत शब्दकोश होता, पाठीला वाळवी लागलेला. कागदावर तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कोश, एक नग, वापरण्यायोग्य. म्हणालात, "शास्त्रीबुवा, हे तुमचं दारूगोळ्याचं कोठार. जपून." तो मी अजून वापरते. पण माझ्या लढाया तुम्हाला कधी लढाया वाटल्याच नाहीत.

आता मुद्द्यावर येते. त्या दिवसाच्या आधी तुमचीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझी सगळी बाजू तिच्यावर उभी आहे. मी दहाएक वर्षांची असेन. तुम्ही जेवताना सांगितली होती. तुम्ही मेजर असतानाची. फायरिंग ऐन भरात असताना एका नवख्या जवानानं, तोफेला गोळा आणून देणाऱ्या पोरानं, ओरडून 'स्टॉप' म्हटलं. तोफखान्यात या शब्दाला हुद्दा नसतो, असं तुम्ही आम्हाला समजावलंत. तो जनरलनं उच्चारला काय आणि आचाऱ्यानं उच्चारला काय, ऐकला की प्रत्येक तोफ थांबते, हात जिथल्या तिथं राहतात. मागून तपासलं तर काहीच नव्हतं, लांब एक म्हैस होती आणि तीही हद्दीबाहेर. बाकीचे हसायला लागले. तुम्ही त्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलंत, शाबासकी दिलीत आणि दोन दिवसांची जादा सुट्टीही. आई म्हणाली, "म्हशीसाठी सुट्टी?" तुम्ही म्हणालात, "स्टॉप म्हणणाऱ्याला कधी विचारायचं नाही, का म्हणालास. एकदा विचारलं की पुढच्या वेळी तो आधी विचार करत बसेल. आणि पुढच्या वेळी म्हैस नसेल." मला ते वाक्य तुमच्या आवाजासकट पाठ आहे. पाठांतर हा माझा धंदाच आहे.

तो दिवस मी पाहिलेला नाही. संस्कृतात न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचं निराळं रूप असतं, मराठीत तशी सोय नाही, म्हणून मी तिथं होते असंच लिहिणं भाग आहे. सकाळचे साडेदहा. रेंजसमोरच्या टेकडीवर शामियाना, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, वरून आलेले मोठे साहेब, बाहेरदेशीचे पाहुणे. प्रात्यक्षिक तुमच्या हाताखाली आहे. तुम्ही पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं सोडून पुढच्या खंदकात जाऊन उभे आहात, जिथून गोळे कुठं पडतात ते बघतात. दुर्बीण डोळ्यांना. शेजारी तुमचा कॅप्टन. पहिली फैर सुटते, समोरच्या उतारावर धूर उठतो, पाहुणे टाळ्या वाजवतात. दुसरीचा हुकूम द्यायचा असतो. धूर ओसरतो आहे आणि ओहळाच्या काठाला, करवंदीच्या जाळ्यांपाशी, तुम्हाला काहीतरी हललेलं दिसतं. रंगीत. वाऱ्यानं हलतं तसं नाही, ओढल्यासारखं. तुम्ही 'स्टॉप' म्हणता. सगळं थांबतं. मग शोधायला माणसं जातात, चाळीस मिनिटं लागतात, पाहुणे घड्याळं बघतात, आणि माणसं परत येतात ती करवंदीला अडकलेली एक हिरवी चिंधी घेऊन. बाकी काही नाही. मोठे साहेब ती चिंधी काठीच्या टोकावर बघतात आणि म्हणतात, "चलिए, चाय पीते हैं." त्यानंतर ऊन चढलं, पाहुण्यांना विमान गाठायचं होतं, उरलेलं प्रात्यक्षिक झालंच नाही.

मग रीतसर विचारणा झाली. तिथं असलेल्या प्रत्येकानं लिहून दिलं, काही दिसलं नाही. शेवटी तुम्हीही लिहून दिलंत: माझी नजरचूक झाली असावी.

मी तेव्हा बावीस वर्षांची, एम.ए.ला. दुसऱ्या आठवड्यात सकाळी पोहे खाताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाबा, नजरचूक कशाला लिहिलंत? स्टॉप म्हणणाऱ्याला विचारायचंच नसतं ना?" तुम्ही ताटलीकडे बघत म्हणालात, "तो साधा गनर होता. मी ब्रिगेडियर आहे." मी म्हटलं, "पण शब्दाला हुद्दा नसतो, तुम्हीच म्हणाला होतात." आईनं गॅस बारीक केला, एवढं मला आठवतं, म्हणजे तिला काय होणार ते कळलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. म्हणालात, "तीस वर्षं मी याच डोळ्यांवर पोट भरलं. चुकले. विषय संपला. या घरात तो दिवस पुन्हा निघणार नाही, बाहेर तर नाहीच. समजलं का, शास्त्रीबुवा?" मी म्हटलं, समजलं. मला काहीही समजलं नव्हतं.

बढतीच्या पुढच्या यादीत तुमचं नाव नव्हतं. याचा त्याच्याशी संबंध होता का, ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही ठाऊक नव्हतं. जागा थोड्या असतात आणि ब्रिगेडियर पुष्कळ. पण तुम्ही संबंध आहे असं धरून चाललात आणि मग छावणीनंही धरलं. 'चिंधी ब्रिगेडियर' हे नाव मी कॅम्पच्या बाजारात शिंप्याच्या दुकानात ऐकलं, पडद्याआडून, दोन बायकांच्या तोंडून, आणि झंपराचं माप देता देता तशीच उभी राहिले. घरी आले तर तुम्ही डोळे तपासून आला होतात. नजर उत्तम निघाली. पुन्हा दोन डॉक्टर झाले, दोघांनीही तेच सांगितलं. माणसं डोळे चांगले निघाल्यावर पेढे वाटतात. तुम्ही चौथा डॉक्टर शोधायला लागलात. निवृत्तीनंतरची आठ वर्षं तुम्ही बागेला पाणी घातलंत, बँकेत रांग नीट लावलीत, शेजाऱ्यांच्या मुलांना गणितं शिकवलीत, आणि एखाद्या माणसानं "साहेब, त्या झाडावर कुठला पक्षी आहे हो?" असं विचारलं की "मला लांबचं नीट दिसत नाही," म्हणून मोकळे व्हायचात. खोटं बोलत होतात. गच्चीवरून बसचा नंबर वाचायचात तुम्ही.

एवढ्यावरच राहिलं असतं. मसुदा आला तेव्हा तो दिवस त्यात नाही हे बघून मीही जरा निःश्वास टाकला, हे मान्य करते. पण मग मनात आलं की त्या उताराखाली गावं आहेत. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणी त्या गावातल्या माणसाला विचारलंय का? विचारणा झाली ती खंदकात उभ्या असलेल्यांची. पंचवटीच्या भाजीबाजारात एका कोपऱ्यात डोंगराकडच्या बायका बसतात, रानभाज्या घेऊन. त्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं कर्टुली घेते आणि घासाघीस करते. श्रावणातल्या एका सकाळी त्यातल्या दोघी-तिघींना गाव विचारत विचारत एका म्हातारीपाशी पोचले. पासष्टीची असेल. म्हणाली, "आमचं गाव रेंजच्या पल्याड."

मी म्हटलं, "मग मावशी, फायरिंगच्या दिवशी घरातच बसून राहावं लागत असेल तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. फुकट कोथिंबीर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. "घरात बसून काय खायाचं? लाल झेंडा लागला का आमी निगायचू."

"अहो, झेंडा येऊ नका म्हणून लावतात."

"त्यो तुमच्यासाठी. आमाला त्ये बोलावनं. झेंडा लागला म्हंजी आज माल पडनार. आधी पोचंल तिला तांबं, मागून जाईल तिला नुस्तं लोखंड." शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "लय पळायची ही. हिला कायम तांबं." दोघी हसल्या. गोळ्याला तांब्याची एक पट्टी असते हे मला तुमच्या घरात राहून माहीत नव्हतं, बाबा. ते मला भाजीबाजारात कळलं.

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची नाय कशी? म्हनून तर ओहळात दडायचू. धूर झाला का उठायचं, गोळा करायचं, पुन्ना दडायचं. आन् करवंदी काय सुदी सोडती का? येक लुगडं धड नव्हतं."

मी पाटीपाशी खालीच बसले. विचारलं, तीसेक वर्षांमागं मोठे पाहुणे आले होते, शामियाना लावला होता, आणि एका फैरीनंतर तोफा मधेच थांबल्या होत्या, तो दिवस आठवतो का. ती म्हणाली, "कंचा दिस म्हनता, बाई? आमी तं रोजच व्हतो." मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून तिनं भर घातली, "थांबायच्या कदी कदी मधीच. कशापायी ते आमाला कोन सांगनार? थांबल्या का लुगडं सोडवायचं आन् पळायचं." ती कर्टुली निवडत होती. "माझी जाव नाय सुटली. रेंजवर नाय, घरी. न फुटलेला गोळा आनला व्हता, आंगनात ठोकीत बसली, तांब्यापायी." मग तिनं तराजू उचलला. "पावशेर देऊ का आर्धा?"

त्या दिवशी मी घासाघीस केली नाही.

तुम्ही म्हणाल, यानं काही सिद्ध होत नाही. होत नाहीच. त्या सकाळी तिथं ती होती का, तिची जाऊ होती का, का खरंच कोणी नव्हतं आणि चिंधी आदल्या खेपेची होती, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण तुमची नजर चुकली असं तुम्ही लिहून दिलंत, तेही सिद्ध होत नाही. एवढंच झालं की ज्या उतारावर माणूस असणं शक्य नाही असं सगळे धरून चालले होते, तिथं झेंडा लागला की माणसं असत. हे शामियान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. खंदकात एकाला दिसलं असावं. म्हणून मी त्या तीन ओळी लिहिल्या: 'प्रात्यक्षिक चालू असताना लक्ष्याच्या जागी माणूस असल्याची शंका येताच त्यांनी तोफा थांबवल्या. शोधात कोणी सापडले नाही. पलीकडच्या गावातल्या स्त्रिया त्या काळी झेंडा लागताच तांब्यासाठी रेंजमध्ये शिरत असत.' विशेषण एकही घातलेलं नाही. तुमच्यासाठी तेवढा त्याग केला.

परवा कर्नलसाहेब चहाला आले. चष्मा लावून त्यांनी ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि कागद बशीखाली ठेवला, उडून जाईल तर बरं अशा चेहऱ्यानं.

"ताई, हे कशाला?"

"घडलं म्हणून."

"घडलं ते सगळं छापायचं म्हटलं तर स्मरणिका फार जाड होईल." मग गंभीर झाले. "लोक विसरलेत हो. आज तिथं जे नवे अधिकारी आहेत त्यांना सर म्हणजे फक्त एक फोटो आहेत. चांगला फोटो. कशाला त्यावर चिंधी?"

मी विचारलं, "तुम्ही शेजारी होतात. तुम्हाला खरंच काही दिसलं नाही?"

त्यांनी कपातला चहा संपवला. संपल्यावरही एक घोट घेतला. "ताई, खरं सांगू? मी त्या वेळी दुर्बिणीतून बघतच नव्हतो. मी मागं बघत होतो. चहाचं बघत होतो. पाहुण्यांच्या चहाची जबाबदारी माझ्यावर होती, दुसऱ्या फैरीनंतर चहा यायचा होता आणि किटल्या घेऊन येणारी गाडी दिसत नव्हती."

"आणि लिहून काय दिलंत?"

"काही दिसलं नाही." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "खोटं नव्हतं ते."

बाबा, तुमच्याविरुद्ध जी साक्ष होती ती एवढीच. मरेपर्यंत तुम्ही या साक्षीपुढे मान खाली घालून बागेला पाणी घातलंत. बाकीच्यांचं काय असेल कोण जाणे, कोणी खुर्च्या बघत असेल, कोणी मोठ्या साहेबांचा चेहरा. त्या टेकडीवर समोर बघणारा बहुधा एकच माणूस होता, आणि त्यानंच आपले डोळे चुकले म्हणून लिहून दिलं. याला तुम्ही शिस्त म्हणत असाल. मी म्हणत नाही.

मी म्हटलं, "मग आता तरी छापा."

"छापू कसं?" ते जरा चिडलेच. "सरांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय, नजरचूक. त्यांच्याच पानावर त्यांच्याविरुद्ध कसं छापू मी?"

"त्यांच्याविरुद्धच छापायचं आहे," मी म्हणाले.

आज सकाळी त्यांचा फोन आला. शेवटचं विचारतो, म्हणाले. रात्रभर बसून त्यांनी एक मधला मार्ग काढला होता: 'सुरक्षिततेच्या बाबतीत ते अत्यंत दक्ष असत' असं एक वाक्य घालू, प्रसंग नको, तारीख नको. मी म्हटलं, "हे सोसायटीच्या वॉचमनला निरोप देताना म्हणतात." ते हसले नाहीत. म्हणाले, "मग पान जाईल, ताई. मागच्या यादीत नाव राहील. हुद्दा आणि वर्षं. पस्तीस वर्षांच्या नोकरीची एक ओळ." मी म्हटलं, जाऊ दे. "विचार करून सांगताय ना? सरांना काय वाटलं असतं?" मी म्हटलं, "सरांना राग आला असता. पण सर म्हणजे शेवटचा शब्द, हे तुमच्यासाठी. तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात. मी नव्हते." मग त्यांनी विचारलं, "तो तीन ओळींचा कागद माझ्याकडेच आहे. राहू दे का?" कशाला, म्हटलं. "असू दे. मी होतो ना तिथं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

तर तुमचं पान गेलं. मी घालवलं, आणि मला पश्चात्ताप नाही. तुम्ही मेजर असताना एका पोराच्या चुकीच्या 'स्टॉप'ला शाबासकी दिलीत आणि ब्रिगेडियर झाल्यावर स्वतःच्या 'स्टॉप'ची माफी मागितलीत. माझ्या मते तुमच्या कारकिर्दीतला सगळ्यात वरचा हुद्दा तुम्हाला त्या सकाळी साडेदहाला मिळाला होता, आणि तो तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलात. तो वगळून उरलेल्या तुम्हाला गुळगुळीत कागदावर चढवायला मी सही द्यायची? नाही द्यायची. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत आणि मी एकोणतीस वर्षं गप्प राहिले, तेवढी आज्ञाधारकता पुष्कळ झाली. इतकी तर तुमच्या बटालियनांनीही दाखवली नसेल. आणि बटालियन नव्हे, तोफखान्यात रेजिमेंट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही दुरुस्त करायला तोंड उघडावं म्हणून लिहिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे एक बरं आहे. कारण आता जे लिहिते ते वाचून तुम्ही फार खूष झाला असतात. एवढा आवाज मी करते आहे तो तुम्ही नाही म्हणून. आज तुम्ही पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसला असतात, तर मी मसुदा होता तसा, एक अक्षर न घालता, कर्नलसाहेबांच्या हातात दिला असता आणि तुमच्यासाठी चहा टाकायला उठले असते.